जिन्यावरची खुर्ची खाली येते, वर जात नाही : कंट्रोल बोर्ड खरंच गेलाय का?

इंदिरानगरची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इंदिरानगरमध्ये आमचं जुनं रो हाऊस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर जिन्याला रूळ लावून बसून वर-खाली जायची खुर्ची घेतली. जिना सरळ आहे, वळण नाही. आतापर्यंत खुर्चीने कधी त्रास दिला नव्हता.

गेल्या आठवड्यापासून वर जायचं बटण दाबलं की आतून 'टक' आवाज येतो आणि खुर्ची जागची हलत नाही. कधी हिसका देऊन दोन पायऱ्या चढते, मग थांबते आणि बीप वाजतो. खाली येताना मात्र काही तक्रार नाही, अगदी नेहमीसारखी येते.

ज्यांच्याकडून घेतली त्यांचा माणूस येऊन गेला. झाकण उघडून दिवे बघितले आणि 'बोर्ड गेला' म्हणाला. नवा बोर्ड बाहेरच्या देशातून मागवावा लागेल, खर्च पाऊण लाखाच्या घरात, यायला दीड-दोन महिने. मीटर त्याने लावलाच नाही, हे मला खटकतंय. मी स्वतः डिप्लोमा केलेली आहे, मल्टिमीटर हाताळता येतो, पण या यंत्राची रचना माहीत नाही. बोर्डाचा फोटो जोडला आहे. त्यावर दोन काळे चौकोनी रिले (कॉइलला वीज मिळाली की आतला संपर्क ओढून घेणारे स्विच), हीटसिंकला लावलेला एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), एक छोटा प्रोसेसर आणि कडेला कनेक्टर दिसतात.

आईची खोली आणि तिच्या सोयीचं कमोड दोन्ही वर आहे, त्यामुळे घाई आहे. पण पैसे टाकायच्या आधी खरं कारण कळायला हवं.

देवळालीकर

ताई, आधी बॅटरी बघा. माझ्याकडे स्वतःसाठी अशीच खुर्ची आहे, गुडघ्यांमुळे. यात १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, मिळून २४ व्होल्ट. बऱ्याच खुर्च्यांत ७ एएचच्या (अँपिअर-तास) असतात, यूपीएसमध्ये असतात त्याच मापाच्या. घरची वीज फक्त चार्ज करते, मोटर चालते ती बॅटरीवर. म्हणूनच लाइट गेली तरी खुर्ची मध्ये अडकत नाही.

वर चढताना माणसाचं वजन ओढायचं असतं, खाली येताना ते वजनच मदत करतं. त्यामुळे थकलेली बॅटरी खाली आणते आणि वर नेताना मान टाकते. नुसतं मोजून कळत नाही, भार आल्यावरच खरं काय ते दिसतं. खुर्ची थांब्यावर चार्जिंगला असताना साधारण २७ ते २७.६ व्होल्ट हवेत. चार्जर बंद करून थोडा वेळ गेल्यावर साडेपंचवीसच्या वर. मग वर जायचं बटण दाबून धरा आणि दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. आकडा २२ च्या खाली कोसळला तर बोर्ड बिचारा निर्दोष आहे.

रुळाच्या टोकाला तांब्याच्या चार्जिंग पट्ट्या असतात, त्यावर काळं साचलंय का तेही बघा.

पंचवटी_परिचारिका

तांत्रिक मला कळत नाही, एवढंच सांगते. खुर्ची नीट होईपर्यंत आईंचा पलंग खाली हॉलमध्ये आणा आणि कमोडची खुर्ची भाड्याने घ्या, नाशिकमध्ये रुग्णसाहित्य भाड्याने देणारी दुकानं आहेत. दोघांनी उचलून जिना चढवायच्या भानगडीत पडू नका. अर्धांगाच्या पेशंटचा कमजोर बाजूचा खांदा ओढला गेला की महिनोन्महिने दुखतो. मी हे बऱ्याच घरांत पाहिलंय.

इंदिरानगरची_लेक

देवळालीकर काका, सगळं मोजलं. चार्जिंगला २७.४, चार्जर काढून तासाभराने २५.७. वर जायचं बटण दाबलं, 'टक' झालं, खुर्ची हलली नाही, मीटरवर २५.६. खाली जाताना २५ पर्यंत उतरतो. बॅटऱ्या गेल्या दिवाळीत जोडीनेच बदलल्या होत्या. पट्ट्या पुसून घेतल्या.

ताई, पलंग आजच खाली आणला. मनापासून आभार.

सातपूर_मेंटेनन्स

हा २५.६ चा आकडा फार मोलाचा आहे. बॅटरी दमलेली असती तर व्होल्टेज पडलं असतं. मोटर जाम असती तरी पडलं असतं, उलट जास्तच, कारण जाम मोटर भरपूर करंट ओढते. इथे तर बॅटरीला पत्ताच लागला नाही. म्हणजे मोटरमध्ये करंट जवळजवळ गेलेलाच नाही. वाट कुठेतरी तुटलेली आहे.

माझं काम सातपूरच्या वसाहतीत मशीनच्या ड्राइव्ह आणि बोर्डांचं आहे, त्या अनुभवावर बोलतोय. दोन गोष्टी सांगा. माणूस न बसवता रिकामी खुर्ची वर जाते का? आणि 'टक' नेमकं कुठून येतं, बोर्डातून की मोटरच्या पाठीमागून? मोटरच्या पाठीला विद्युतचुंबकी ब्रेक असतो, तोही सुटताना टक करतो.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्रेक सुटतोय आणि मोटरला वीज मिळत नाहीये अशी स्थिती असेल तर खुर्चीला धरून ठेवणारा फक्त गिअर उरतो. वर्म गिअर सहसा धरतो. पण 'सहसा'वर आईला बसवायचं नाही. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत कोणीही बसू नका, खाली येण्यासाठीसुद्धा नाही.

मखमलाबादकर

आमच्या शेजारी हाच प्रकार झाला होता. पाय ठेवायच्या फळीखाली सेफ्टी स्विच असतो, तो खराब होतो. त्याच्या दोन वायरी एकत्र पिळल्या की खुर्ची चालू. पाच मिनिटांचं काम.

सातपूर_मेंटेनन्स

मखमलाबादकर, निदान चुकीचं नाही, पण उपाय कृपा करून कोणी करू नका. त्या स्विचची पट्टी पायरीवर पडलेली चप्पल, मांजर, नातवंडाचा हात यांच्यासाठी आहे. ती बायपास केलेली खुर्ची अडथळ्याला रेटत पुढे जाते.

आता निदानाकडे. बऱ्याच खुर्च्यांत या पट्ट्या दिशेप्रमाणे वेगळ्या असतात. वरच्या बाजूला काही अडलं तर फक्त वर जाणं बंद होतं, खाली येऊ देतात, म्हणजे माणूस अडकून राहत नाही. एकाच दिशेला खुर्ची बंद पडली की पहिला संशय या पट्टीवर आणि त्या टोकाच्या लिमिट स्विचवर (रुळाच्या टोकाला खुर्ची थांबवणारा स्विच) घ्यायचा, हे बरोबरच आहे. पण स्विच पिळायचा नाही, मोजायचा. बोर्डाकडचा कनेक्टर काढून कंटिन्युइटी, म्हणजे वाट जोडलेली आहे का, बघा. पट्टी मोकळी असताना एक स्थिती, दाबल्यावर दुसरी. अधेमधे लुकलुकत असेल तर स्विच बदला, तो महाग नसतो.

आणि बहुतेक रचनांत सेफ्टी साखळी तुटलेली असेल तर प्रोसेसर रिलेला ओढतच नाही. रिले ओढला जात असेल तर त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे.

इंदिरानगरची_लेक

रिकामी खुर्चीसुद्धा दहापैकी बहुतेक वेळा जात नाही. बोर्डाच्या खोक्यावर बोट ठेवलं तर एक टक बोटाला जाणवते, दुसरी मोटरकडून ऐकू येते. दोन्ही येतात. सेफ्टी पट्ट्या आणि वरचा लिमिट स्विच मोजले, स्वच्छ उघडतात-मिटतात.

शेवटी बोर्ड काढून अंबडला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा) बघून वर जाण्याचा रिले ओळखला आणि नवा बसवला. घरी आणून लावला तर फरक शून्य. तोच टक, तेच गप्प बसणं. आता तोही म्हणतो प्रोसेसर असेल, नवाच बोर्ड घ्या.

सातपूर_मेंटेनन्स

प्रोसेसर नाही. प्रोसेसरने त्याचं काम केलंय, रिले ओढला, ब्रेक सोडला. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे भलेभले चुकतात.

दोन रिले आणि एक मॉसफेट असलेल्या बोर्डाची रचना बहुधा अशी असते. प्रत्येक रिलेचा मधला पाय, म्हणजे कॉमन, मोटरच्या एकेका वायरीला जातो. दोन्ही रिलेंचे एनओ संपर्क, म्हणजे एरवी उघडे आणि रिले ओढल्यावर मिटणारे, बॅटरीच्या प्लसला. दोन्हींचे एनसी संपर्क, म्हणजे एरवी मिटलेले आणि रिले ओढल्यावर उघडणारे, एकत्र येऊन मॉसफेटला आणि तिथून मायनसला. मॉसफेट वेग सांभाळतो, म्हणून खुर्ची सुरू होताना दणका बसत नाही.

वर जाताना पहिला रिले ओढला जातो. करंट प्लसवरून त्याच्या एनओमधून मोटरमध्ये शिरतो. पण मोटरमधून बाहेर पडतो तो दुसऱ्या रिलेच्या एनसीमधून, म्हणजे जो रिले ओढलेलाच नाही, नुसता बसून आहे, त्याच्यातून. खाली येताना याच्या बरोबर उलट.

म्हणजे 'वर जात नाही' याला दोन जागा जबाबदार असू शकतात : वरच्या रिलेचा एनओ, किंवा खालच्या रिलेचा एनसी. पहिली जागा तुमच्या दुरुस्तीवाल्याने बदलली. दुसरीकडे कोणी बघितलंच नाही, कारण तो 'खाली जायचा रिले' आणि खाली तर खुर्ची व्यवस्थित जाते. मॉसफेट, मुख्य फ्यूज, ब्रेकचं सर्किट, मोटरचे ब्रश हे दोन्ही दिशांना सामाईक आहेत. यातलं काही पूर्ण तुटलं असतं तर खुर्ची खालीही आली नसती.

तपासणी घरीच होईल. चार्जरचा प्लग काढा, बॅटरीच्या वायरी सोडवा. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. सीलबंद बॅटरी लहान दिसली तरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर देते, धातूची बांगडी क्षणात लाल होते. बोर्ड बाहेर काढा. मोटरच्या वायरी जिथे लागतात त्या दोन टोकांमध्ये मीटर ओहमवर लावा. दोन्ही रिले बसलेले असताना दोन्ही एनसी मिटलेले असतात, म्हणजे ही दोन टोकं आतून एकमेकांना जोडलेली हवीत. मीटरच्या प्रोब एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो, जवळपास तोच यायला हवा.

इंदिरानगरची_लेक

प्रोब टेकवल्यावर ०.३. बोर्डावर कधी १८, कधी ४, कधी मीटर उघडी वाट दाखवतो! रिलेला बोटाने दाबलं की आकडा बदलतो.

सातपूर_मेंटेनन्स

सापडलं. आता कोणत्या रिलेचं ते बघा : मॉसफेटच्या पाठीचा पत्रा बहुतेक वेळा त्याचा ड्रेन, म्हणजे दोन्ही एनसी जिथे येतात ते टोक, असतो, तिथून एकेका टोकापर्यंत मोजा.

खात्री करायला दिवा वापरा. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे २४ व्होल्टचा हेडलाइटचा दिवा मिळतो, ७०-७५ वॉटचा, साधारण ३ अँपिअर घेतो. बॅटरीचं प्लस, मग फ्यूज, मग दिवा, मग बोर्डाचं मोटरचं एक टोक. दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. बोर्डाला बाकी काही जोडायचं नाही. दिवा पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. मग लाकडी काडीने रिले हळूच हलवा.

ओहममीटर संपर्कातून अगदी थोडा करंट सोडतो, त्यामुळे अर्धवट तुटलेला सांधाही मीटरवर कधी कधी चांगला दिसतो. ३ अँपिअर जायला लागले की लपवाछपवी होत नाही.

मखमलाबादकर

यापेक्षा मोटरच्या दोन वायरी उलटसुलट लावून बघितल्या तर? मग वरचं बटण दाबल्यावर खाली जाईल आणि खालच्याने वर. कोणती बाजू खराब ते लगेच कळेल.

सातपूर_मेंटेनन्स

रुळावर मुळीच नको. वायरी उलटल्या की खुर्ची एका दिशेला जाते आणि बोर्ड दुसऱ्या दिशेचा लिमिट स्विच बघत बसतो. टोकाला पोचली तरी बोर्ड तिला थांबवणार नाही. शेवटचा आपत्कालीन स्विच वाचवेल कदाचित, पण तो अशा प्रयोगासाठी नाही. टेबलावर दिव्याने जे कळतं त्यासाठी रुळावर धोका का घ्यायचा?

इंदिरानगरची_लेक

दिवा लावला. नुसता निखाऱ्यासारखा तांबूस पेटला. कुल्फीच्या काडीने खालच्या रिलेला डावीकडे रेटलं आणि एकदम लख्ख! सोडलं की पुन्हा तांबूस. वरच्या रिलेला हलवून काहीच फरक नाही.

मग बोर्ड उलटा करून बाबांच्या भिंगाखाली धरला. खालच्या रिलेच्या एका जाड पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखी बारीक काळी गोल रेघ आहे, पूर्ण वर्तुळ. आजूबाजूचा हिरवा बोर्ड तपकिरी झालाय. बाकी सगळे सांधे चकचकीत आहेत. ट्रेस धरून बघितलं, तो एनसीचाच पाय आहे. एवढ्याशा रेघेसाठी पाऊण लाख!

बुधवारपेठ_पुणे

असे सांधे माझ्याकडे नेहमी येतात. रिले जड, त्याचे पाय जाड, आणि बोर्ड खुर्चीबरोबर रोज थरथरत जिना चढतो-उतरतो. करंटने पाय तापतो, मग गार होतो, सोल्डर प्रसरण-आकुंचन पावतं, शेवटी पायाभोवती तडा जातो. तडा गेला की तिथे रोध वाढतो, आणखी तापतं, म्हणून बोर्ड तपकिरी झालाय.

नुसतं वरून सोल्डर ओतू नका. जुनं सोल्डर पंपाने पूर्ण ओढा, पाय घासून स्वच्छ करा, फ्लक्स लावा, मग नवं भरा. तपकिरी भागात तांब्याची पट्टी बोर्डावरून सुटली असेल तर पायापासून पुढच्या जोडापर्यंत जाड तांब्याची तार समांतर टाका. आणि तो रिले बदलाच. तापून त्याच्या आतली पातळ पत्ती नरम झालेली असू शकते.

नवा घेताना अंगावरचं वाचून घ्या. दिसायला हुबेहूब रिले १२ व्होल्ट कॉइलचाही मिळतो, तो २४ वर जळतो. संपर्काची क्षमता डीसीची बघा. २५० व्होल्ट एसीचा मोठा आकडा बघून फसू नका, एसीची ठिणगी दर अर्ध्या फेरीला शून्यावर येऊन विझते, डीसीची तशी विझत नाही. वाहनांसाठी बनवलेले बोर्डावर बसणारे रिले या कामाला चांगले. नाशिकमध्ये नाही मिळाला तर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पायांची रचना दिसेल असा फोटो बरोबर ठेवा.

देवळालीकर

बोर्डावर मुंग्या किंवा पालीची अंडी निघाली का हो? आमच्याकडे पावसाळ्यात निघाली होती. दोन पायांमध्ये मुंगी चिरडली तरी गंज धरतो.

इंदिरानगरची_लेक

अंडी नाहीत काका, पण जिन्याच्या झरोक्यातून पावसाचा दमटपणा येतो, कनेक्टरवर हिरवट डाग होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला.

सातपूर_मेंटेनन्स

सोल्डरिंग झाल्यावर त्या जागी बोर्डावरचा संरक्षक लेप पुन्हा मारा, दमटपणाला तेच उत्तर. मग दिव्याची चाचणी परत घ्या. ३ अँपिअर जाताना मोटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, मिलिव्होल्टमध्ये यायला हवं. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर सांधा अजून कच्चा आहे. प्रत्यक्षात मोटर माणूस घेऊन चढते तेव्हा १० अँपिअरच्या पुढे जाते, एका व्होल्टला तिथे १० वॉट उष्णता.

रुळावर बसवल्यावर आधी रिकामी चालवा. बटण सोडताच थांबली पाहिजे. अशा खुर्च्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९३८६-२, बटण दाबून धरेपर्यंतच चालावी असं सांगतं आणि वेग सेकंदाला ०.१५ मीटरच्या आत ठेवतं. चालू असताना फळीची प्रत्येक सेफ्टी पट्टी हाताने दाबून बघा, दोन्ही दिशांना. खुर्ची फिरवलेली असताना सुरू होत नाही ना, तेही. मग वजन ठेवून, आणि मध्ये थांबवून घसरते का हे खडूची खूण करून पाहा. तुटलेला एनसी फक्त वर जाण्याच्या वाटेत नव्हता. खुर्ची थांबते तेव्हा हेच दोन एनसी मोटरची दोन्ही टोकं जोडून तिला रोधतात. ब्रेकला तेवढीच साथ. म्हणून ही चाचणी टाळू नका.

इंदिरानगरची_लेक

अपडेट देते. अंबडच्या त्याच दुरुस्तीवाल्याकडे बसून, भिंग आणि दिवा बरोबर घेऊन गेले होते. त्याने मन लावून काम केलं. खालचा रिलेही नवा बसवला, पायाला समांतर तार टाकली. दिव्याच्या चाचणीत टोकांमध्ये ४० मिलिव्होल्ट. काडीने कितीही हलवलं तरी दिवा ढिम्म.

घरी रिकामी चालवली, सगळ्या सेफ्टी पट्ट्या तपासल्या. मग गव्हाचं ५० किलोचं पोतं पट्ट्याने बांधून दिवसभर वर-खाली. खडूची खूण जागेवर. रिलेच्या जागी खोका हाताला कोमटही लागत नाही. दुसऱ्या दिवशी आधी भाऊ बसून गेला, मग आई. ती वर पोचल्यावर आम्हाला विचारते, 'आता पलंग कधी वर आणताय?'

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. सातपूरकर, तुम्ही रात्री उशिरापर्यंत उत्तरं दिलीत.

सिडकोकर

धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे वडिलांची अशीच खुर्ची, पण उलटं. वर जाते, खाली येत नाही. म्हणजे वरच्या रिलेचा एनसी समजायचा का?

सातपूर_मेंटेनन्स

लगेच नाही. खाली यायचं बटण दाबल्यावर बोर्डात रिलेची टक जाणवते का ते आधी बघा. जाणवत नसेल तर बोर्डाला हातही लावू नका, फळीच्या खालच्या बाजूची सेफ्टी पट्टी आणि खालच्या टोकाचा लिमिट स्विच मोजा. खालची पट्टी लाथ लागून, फरशी पुसताना पाणी जाऊन जास्त खराब होते. टक जाणवत असेल आणि बॅटरीचं व्होल्टेज हलत नसेल, तर मग वरच्या रिलेचा एनसी आणि खालच्याचा एनओ. बॅटरीचे तिन्ही आकडे इथे लिहा, चार्जिंगवरचा, चार्जर काढल्यावरचा आणि बटण दाबल्यावरचा. वडील आत्ता वर आहेत की खाली?

सिडकोकर

वर आहेत. टक येत नाही. उद्या सकाळी पट्टी मोजून आकडे टाकतो.